पाचवा ‘का’

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. ब्रेकचे पार्ट बनतात तिथे, आणि बनलेला पार्ट पास की नापास हे ठरवायचं काम गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. खोड इतकी वाईट, की कंपनीच्या गेटबाहेर आलो तरी सुटत नाही. ताटात पोळी पडली की मी आधी तिच्या कडा बघतो. बायको आता चिडतसुद्धा नाही. "पास झाली असेल तर गिळा," एवढंच म्हणते.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जो गाढवपणा केला तो तुमच्या एकदम अंगावर येणार नाही.

राहायला आम्ही रहाटणीत. तीन विंगची सोसायटी, खाली पार्किंग, वर गच्ची. कुणी लातूरकडचं, कुणी सांगलीचं, कुणी जळगावचं, पण सकाळी कंपनीच्या बसच्या रांगेत सगळ्यांचे चेहरे सारखेच झोपाळलेले. आमच्या घरात माणसं चार. मी, बायको, माझी आई आणि आमची एकुलती एक मुलगी. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, सहावीत होती. अंगानं भरलेली, गालाला खळी, आणि हसली की तिसऱ्या मजल्यावरचं हसू खाली वॉचमनला ऐकू जायचं.

तर झालं असं, की तिच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि एक कागद घरी आला. वजन वयाच्या मानानं जास्त आहे, पालकांनी भेटावं. आम्ही गेलो. आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं तिथे आधीच बाकावर बसलेली. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना एकत्रच सांगितलं, "मुलं रोज तासभर खेळली पाहिजेत. पाकिटातलं खाणं आणि कोल्ड्रिंक बंद. आणि जे करायचं ते घरातल्या सगळ्यांनी करायचं, एकट्या पोराला शिक्षा द्यायची नाही." बाई अगदी साधं बोलल्या होत्या. अतिशहाणे आम्हीच निघालो.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग बसली. ज्यांच्या घरी कागद आला होता ते सगळे बाप हजर. दहा-बारा जण असू, आणि एकाच्याही शर्टाचं पोटावरचं बटण सुखात नव्हतं. मध्ये टेबलावर गरम वडापावचा पुडा. आमचे चेअरमन म्हणजे आकुर्डीच्या एका कारखान्यातून, मेंटेनन्समधून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी घास गिळला, तळलेल्या मिरचीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "पोरांच्या खाण्यावर कंट्रोल पाहिजे राव."

सगळ्यांनी नुसत्या माना डोलावल्या. तोंडं भरलेली होती.

कुणीतरी म्हणालं, बाईंनी तर रोज तासभर खेळायला सांगितलंय. त्यावर मी विचारलं, "खेळा म्हणजे नेमकं काय? टार्गेट किती? मोजायचं कसं?" आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण त्या दिवशी हा प्रश्न सगळ्यांना फार आवडला. खेळण्यात सिस्टम नव्हती ना! चेअरमन म्हणाले, "अहो, अख्ख्या कंपन्या चालवतो आपण. चार पोरं बारीक करता येणार नाहीत होय?"

झालं. रविवारी सकाळी सातला गच्चीवर कवायत, कवायतीनंतर वजन, आणि खाली लिफ्टशेजारी बोर्ड. बोर्डाचं काम मी मागून घेतलं. कंपनीत लाइनवर असतो तसाच्या तसा केला. पहिल्या खान्यात फ्लॅट नंबर, दुसऱ्यात टार्गेट, तिसऱ्यात ॲक्च्युअल, चौथ्यात रंग. वजन उतरलं की हिरवा, आहे तिथेच राहिलं की पिवळा, वाढलं की लाल. मुलांची नावं लिहायची नाहीत असं मीच ठरवलं, पोरांना वाईट वाटायला नको. जसं काही बी-३०४ मध्ये कोण राहतं हे सोसायटीत कुणाला ठाऊकच नव्हतं! बी-३०४ म्हणजे आमचंच घर.

पहिल्या रविवारी चेअरमन नमुना म्हणून स्वतः वजनकाट्यावर उभे राहिले. आकडा बघून म्हणाले, "काटा बिघडलाय." मी खाली जाऊन पाच किलोची तांदळाची पिशवी आणली, काट्यावर ठेवून दाखवली, बरोबर पाच. चेअरमननी पोट आत घेतलं. मी काट्यावर ‘तपासला’ असं तारखेचं स्टिकर लावून टाकलं.

पोरं रांगेत उभी राहत होती तेवढ्यात माझी आई धापा टाकत गच्चीवर आली.

"कामून तोलायलास रं लेकराला चारचौघांत? दृष्ट लागंल की!"

"आई, हे सायन्स आहे."

"घाल तुझं सायन्स चुलीत."

आईचं आणि या पोरीच्या वजनाचं जुनं प्रकरण आहे. पोरगी आठव्याच महिन्यात झाली, दीड किलोची. वीस दिवस काचेच्या पेटीत होती. मी शिफ्ट सुटली की तसाच हॉस्पिटलात जायचो आणि नर्सला एकच विचारायचो, "आज किती?" दहा ग्रॅम वाढले की गावी फोन, वीस वाढले की नर्सला पेढे. आईनं नवस बोलला, लेकरू जगलं तर त्याच्या वजनाइतका गूळ देवाला. पोरगी वर्षाची झाल्यावर गावच्या देवळात मोठा तराजू बांधला. एका पारड्यात पोरगी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. दोन्ही पारडी सारखी आली तेव्हा आईनं पोरीच्या पारड्यावर हळूच हात दाबला. मी म्हटलं, आई, रीडिंग चुकतंय. आई म्हणाली, "देवाला जास्तीचं गेलेलं बरं."

तेव्हापासून आमच्या घरात त्या पारड्यावर सगळ्यांचाच हात होता. आईचे लाडू, बायकोचं "अजून एक घास", आणि मी रोज कंपनीतून येताना पोरीच्या हातात काहीतरी पाकीट टेकवल्याशिवाय चपला काढायचो नाही. पोरगी जगली, अजून काय पाहिजे होतं आम्हाला?

असो. कार्यक्रम सुरू झाला. ऑडिटच्या आधी ऑपरेटर जे जे करतात ते ते आमच्या पोरांनी केलं. एक पोरगं शनिवारी केस बारीक कापून आलं, एकानं काट्यावर चढताना चष्मा काढला, एकजण वजन करताना भिंतीला एक बोट लावून उभा राहायचा आणि दर आठवड्याला हिरवा यायचा. बायकांनी घराघरांत मैदा बंद केला, ज्वारी आणली. आईला तर हसूच आवरेना. "आमी भाकरी खात हुतो तवा तुमी गरिबी म्हणायचे. आता डॉक्टरीण म्हणली की तिचं डाएट झालं व्हय?" घरोघरी पोरांच्या ताटात मोड आलेले मूग, आणि बापांच्या ताटात शेव. बाईंनी ‘सगळ्यांनी’ म्हटलं होतं, ते आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो.

तिसऱ्या रविवारी आमच्या पोरीचं वजन पाव किलोनं वाढलं. मी लाल मार्कर उचलला आणि बी-३०४ च्या पुढचा खाना स्वतःच्या हातानं भरला. शेजारी दोघं-तिघं उभे होते, त्यांना ऐकू जाईल असं म्हणालोसुद्धा, "घरचा माल म्हणून पास करायचा, ही आपली पद्धत नाही." पोरगी माझ्या कोपराशी उभी होती. ती जिन्यानं वर निघून गेली.

पुढच्या आठवड्यात बायको म्हणाली, "लेक हल्ली लिफ्टनं येत नाही. दप्तर पाठीवर घेऊन तीन मजले जिन्यानं चढते." मी म्हटलं, "वा! ही खरी इम्प्रूव्हमेंट." मग तिचा शाळेचा डबा अर्धा परत यायला लागला. मी म्हटलं, छान, पोर्शन कंट्रोल. मग ती समोरच्या विंगमधल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली नाही. मी म्हटलं, केक टळला.

बायकोनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "अहो, लिफ्टशेजारी तुमचा तो बोर्ड आहे. तिथे उभं राहायला नको म्हणून ती मागच्या जिन्यानं येते. वर्गातली एक मुलगी याच विंगमध्ये राहते. शाळेत आपल्या लेकीला आता सगळी ‘लाल खाना’ म्हणतात. कळतंय का काही? का तुमच्या त्या मार्करनं डोळ्यांतही रंग भरलाय?"

मी उसळून काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, चूक आपली असली की मी मोठ्यानं बोलतो. पण त्याच दिवशी जेवताना पोरीनं एक भाकरी संपवली, ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "बाबा, अजून अर्धी घेऊ?"

मी हातातला घास ताटात ठेवला. जिच्या एकेका ग्रॅमसाठी मी काचेला नाक लावून उभा राहायचो, ती मला विचारून जेवत होती. आई ताटावरून उठून गेली. आणि माझ्या एकदम लक्षात आलं, की तिसऱ्या मजल्यावरचं ते हसू मी कित्येक दिवसांत ऐकलेलं नाही. मला भीती वाटली. वजनाची नाही, पोरगी हातची जाईल याची.

आता यावर शहाण्या माणसानं पोरीला जवळ घेतलं असतं. मी फॉर्म आणला.

कंपनीत नापास माल पुन्हा पुन्हा यायला लागला की आम्ही एक फॉर्म भरतो. वर प्रॉब्लेम लिहायचा आणि खाली पाच वेळा ‘का’ विचारायचं. पहिल्याचं उत्तर आलं की त्यावर दुसरा ‘का’, त्यावर तिसरा. पाचव्यापर्यंत गेलं की मूळ कारण सापडतं, असं आम्ही मानतो. सगळ्यात खाली एक चौकट असते, ‘जबाबदार व्यक्ती’. मला काहीतरी करायचं होतं, आणि मला येतं ते एवढंच. मी पोरीला म्हटलं, "तूच भर. तू कुणात मिसळत का नाहीस, वजन का उतरत नाही, तूच शोध. पण खरं लिहायचं."

"खरं लिहू? रागावणार नाही ना?"

"फॉर्मवर कुणी रागावत नसतं."

चार दिवस तिनं पेन्सिल आणि पट्टी घेऊन काम केलं. वॉचमनला काहीतरी विचारून आली. सोसायटीच्या ऑफिसात बसून जुन्या नोटिसांची फाइल चाळली. चेअरमन मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "पोरगी ऑडिटर होणार बरं का तुमची." मी फुगलो. रविवारी गच्चीवर सगळ्यांसमोर मीच जाहीर केलं, की आज बी-३०४ आपलं ॲनालिसिस वाचून दाखवेल. बायकोनं कपाळावर हात मारला. आई सतरंजीवर पुढं सरकून बसली.

पोरीनं कागद दोन्ही हातांत धरला.

"प्रॉब्लेम. मी खेळत नाही."

मी मध्येच म्हटलं, "प्रॉब्लेम वजनाचा आहे." चेअरमन म्हणाले, "वाचू द्या हो."

"पहिला का. मी का खेळत नाही? कारण खेळायला जागा नाही. गच्चीला एरवी कुलूप असतं, बाहेर रस्त्यावर डंपर येतात.

"दुसरा का. पार्किंगमध्ये का खेळत नाही? कारण वॉचमनकाका शिट्टी वाजवतात.

"तिसरा का. काका शिट्टी का वाजवतात? कारण कमिटीनं नोटीस लावली आहे, पार्किंगमध्ये खेळायला सक्त मनाई.

"चौथा का. नोटीस का लावली? कारण तीन वर्षांपूर्वी एका सभासदानं लेखी तक्रार केली, की बॉल लागून गाडीला पोचा पडला."

इथे मी तिला थांबवायला हात उचलला. पण थांबवणार कसा? सगळी गच्ची कान टवकारून होती.

"पाचवा का. तक्रार का केली? कारण गाडी नवीन होती." तिनं एकदा श्वास घेतला. "आणि ती आमची होती."

पुरावा म्हणून तिनं माझ्या अर्जाची झेरॉक्स जोडली होती. खाली माझी सही. सोबत पोच्याचा फोटो. पोचा एवढा मोठा, की तो दिसावा म्हणून मी त्याच्याभोवती खडूनं गोल काढला होता. आणि अर्जात लिहिलं होतं, ‘पोच्याची खोली अर्धा मिलिमीटर, व्हर्नियरनं मोजून खात्री केली आहे.’

झेरॉक्स तिनं सगळ्यांना दिसेल अशी धरली. मग चेअरमनचं पोट हलायला लागलं, मग शेजारच्याचं, मग सगळी गच्ची खदखदायला लागली. आई टाळी वाजवून म्हणाली, "परत एकदा वाच गं माझे बाई!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हसली नाही ती एकटी पोरगी. कागदाची घडी घालून ती खाली निघून गेली.

मी मागोमाग उतरलो, मागच्या जिन्यानंच. घरी आलो तर कागद टेबलावर आणि पोरगी खिडकीत. मी फॉर्म उचलला. पाच ‘का’ ऐकले होतेच. पण खालची चौकट तिनं गच्चीवर वाचली नव्हती. तिथे पेन्सिलीनं लिहिलं होतं,

‘जबाबदार व्यक्ती : मी. तो बॉल मी मारला होता. माझ्यामुळे सगळ्यांचं खेळणं बंद झालं.’

आठ वर्षांची होती तेव्हा. तीन वर्षं पोटात ठेवून होती. पार्किंग बंद झालं, संध्याकाळी पोरं घरात बसायला लागली, टीव्हीसमोर पाकिटं फुटायला लागली, आणि हे सगळं आपल्यामुळे झालं असं ती धरून बसली होती. वर मी येऊन तिच्या घराला लाल रंग फासला.

"अगं, मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही व्हर्नियर घेऊन बसला होता, बाबा."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं, दोन्ही एकदम आलं की माणूस फार वाईट दिसतो. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. म्हटलं, "माझं चुकलं बाळा. अर्ध्या मिलिमीटरसाठी चुकलं." तिनं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. मग मी तिचीच पेन्सिल घेतली, चौकटीतला ‘मी’ खोडरबरनं पुसला नाही, त्याच्यावर फक्त एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘बाबा’. दुरुस्तीवर सही करावी लागते, तीही केली.

त्याच दिवशी बोर्ड उतरवला. दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घेतल्याचा अर्ज दिला आणि गाडी कंपाउंडबाहेर नेऊन लावली, गुलमोहराखाली, जिथे कावळे बसतात. चेअरमननी दोन दिवस माझ्या गाडीची अवस्था पाहिली, तिसऱ्या दिवशी आपलीही बाहेर आणली. हळूहळू संध्याकाळी पाच ते सात निम्मं पार्किंग रिकामं व्हायला लागलं. कुणी ठराव केला नाही, टार्गेट दिलं नाही. पोरं आपसूक खाली आली. त्यांच्या मागं बायका फेऱ्या मारायला आल्या, आणि बायकांनी हाताला धरून बाप आणले. चेअरमन विकेटकीपर झाले. त्यांना वाकता येत नाही, त्यामुळे बाय फार जातात. शेव सगळ्यांच्याच ताटातून गेली, माझ्या ताटातून तर बायकोनं फारच आनंदानं काढली. आईचे लाडू आता सणालाच होतात, तेही लिंबाएवढे. ती म्हणते, "लेकरू खेळून दमून भाकर मागतंय, मला अजून काय पायजे?" पोरीचं वजन किती उतरलं म्हणाल तर मी सांगणार नाही. ते डॉक्टरबाईंना ठाऊक आहे आणि त्या खूश आहेत.

माझा बोर्ड मात्र वाया गेला नाही. पोरांनी तो पाठमोरा खांबाला टेकवला आणि त्यावर खडूनं तीन स्टंप काढले.

मला अंपायर केलंय, कारण मी काटेकोर आहे म्हणे. मागच्याच महिन्यातली गोष्ट. मी कंपनीतून थेट तिथेच गेलो होतो, गळ्यात आयकार्ड तसंच. आमची पोरगी बॅटिंगला. बॉल आला, तिनं बॅट फिरवली, आणि बॉल भिंतीवरून बाहेर. बाहेर ‘टण्’ असा आवाज झाला. त्या बाजूला, गुलमोहराखाली, एकच गाडी उभी होती.

खेळ थांबला. पोरं माझ्याकडे बघायला लागली. वॉचमननं सवयीनं शिट्टी तोंडात धरली. आणि मीही सवयीनंच, मागचं-पुढचं न बघता ओरडलो, "कुणी मारला?"

"मी!" पोरगी बॅट वर करून ओरडली. "मी मारला, बाबा!" आणि हसली. वर तिसऱ्या मजल्यावर आईनं गॅलरीत येऊन बघितलं, इतकी हसली.

चेअरमननी स्टंपांमागून हात वर केला. "भिंतीबाहेर म्हणजे आउट. नियम आहे आपला. सांगा अंपायर."

नियम होता. मीच लिहिलेला होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि पोरगीही, पण घाबरून नाही.

"नॉट आउट," मी म्हणालो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा घरचा माल म्हणून पास केला.